न्यूयॉर्कमधील वकिलांचे सक्तीचे शिक्षण आणि त्यावर देखरेख ठेवणारे सोळा जण

पुण्यात काही वर्षे वकिली केल्यावर मी न्यूयॉर्कला आले, इथे एलएलएम केले, बारची परीक्षा दिली आणि सनद घेतली. तेव्हापासून या राज्याच्या निरंतर विधी शिक्षणाचा, म्हणजे इथल्या बोलीत ‘सीएलई’चा, मी नियमाने लाभ घेत आले आहे, आणि त्याचे पैसेही स्वतःच्या खिशातून भरले आहेत. नव्याने इथे येणाऱ्या मराठी वकिलांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

सनद मिळाल्यावर पहिल्या दोन वर्षांत 32 क्रेडिट तास पूर्ण करावे लागतात. त्यानंतर दर दोन वर्षांनी 24 तास लागतात आणि त्यांतले किमान चार व्यावसायिक नीतीचे असावे लागतात. 2023 पासून सायबर सुरक्षेचा एक तासही सक्तीचा झाला आहे. तास 50 मिनिटांचा धरतात. घरी पुस्तक वाचून तो भरत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडला तो पक्षकारांच्या पैशांच्या खात्यावरचा नीतीचा वर्ग. वक्त्याने बँकेचा एक नमुना उतारा वाटला, प्रत्येकाला पक्षकारनिहाय रकाने आखून बेरीज जुळवायला लावली, आणि एका पक्षकाराची रक्कम दुसऱ्याच्या व्यवहारात नेमकी कोणत्या धनादेशाने गेली हे आम्हालाच शोधायला सांगितले. त्या आठवड्यात मी स्वतःच्या कार्यालयातली नोंदवही त्याच पद्धतीने नव्याने आखली. याउलट, एका संस्थेकडून घरभाड्याच्या कायद्यावरचे ध्वनिमुद्रित व्याख्यान घेतले, तेव्हा घोर निराशा झाली. 2019 च्या कायद्याने भाडेकरूकडून घ्यायची अनामत एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली, पण इतक्या मोठ्या बदलाला वक्त्याने जेमतेम एक वाक्य दिले. मध्येच सांगितला जाणारा संकेतांक टिपून तो प्रतिज्ञापत्रात भरला की तास मान्य होतो, मग ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडो वा न पडो.

अशा व्याख्यानाला मान्यता कोण देते, हे शोधताना मी मंडळाच्या नियमांपर्यंत पोहोचले, आणि या सेवेबद्दलचे माझे मत बरेचसे तिथेच बनले. संस्थांना आणि अभ्यासक्रमांना मान्यता देणारे हे निरंतर विधी शिक्षण मंडळ 16 सदस्यांचे असते आणि सदस्य राज्याचे रहिवासी असलेले न्यायाधीश व वकील असतात. अपिली न्यायालयाच्या चार विभागांचे पीठासीन न्यायमूर्ती प्रत्येकी तीन सदस्य निवडतात, तर उरलेले चार राज्याचे मुख्य न्यायाधीश निवडतात. मुदत तीन वर्षांची असते. हे पाचही नेमणूक करणारे मिळून न्यायालयांचे प्रशासकीय मंडळ होते, आणि सदस्य त्या मंडळाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतात. म्हणजे नेमणारे आणि दूर करू शकणारे हात एकच आहेत.

ही रचना मला मुळात पटते. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याच मतांवर कोणी निवडून येत नसल्यामुळे तास कमी करण्याचे किंवा नियम सैल करण्याचे आश्वासन देऊन इथे कोणाला जागा मिळवता येत नाही. शिवाय चार विभागांना समान वाटा असल्यामुळे बफेलो आणि रोचेस्टरकडचा भाग मॅनहॅटनच्या सावलीत झाकला जात नाही. आपल्याकडे 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार भारतीय विधिज्ञ परिषदेच्या विधी शिक्षण समितीत दहा सदस्य असतात. पाच परिषदेने आपल्यातून निवडलेले आणि पाच बाहेरून सहयोजित केलेले. बाहेरच्या माणसांना निम्मी जागा देण्याचा तो विचार मला आजही मोलाचा वाटतो. मात्र सनद मिळाल्यानंतर असे सक्तीचे तास आपल्याकडे नाहीत, आणि 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनी ते ज्याच्या त्याच्या हिकमतीने शिकून घेतले.

न्यूयॉर्कच्या मंडळात मला जी उणीव जाणवते ती नेमकी बाहेरच्या माणसाची. 1975 मध्ये सक्तीचे निरंतर शिक्षण अमेरिकेत सर्वप्रथम सुरू करणाऱ्या मिनेसोटाच्या मंडळात वकील नसलेल्यांनाही जागा आहे. इथेही भाडेकरूंची किंवा स्थलांतरितांची बाजू जवळून पाहिलेली एखादी व्यक्ती मान्यतेच्या बैठकीत बसली, तर घरभाड्यावरचे ते व्याख्यान तिच्या नजरेतून निसटले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याचबरोबर एकट्याने कार्यालय चालवणाऱ्या वकिलांची नेमणूक करतानाही न्यायमूर्तींनी अधिक आठवण ठेवावी. शुल्काचा भार त्यांनाच सर्वाधिक जाणवतो.

नवख्यांना माझा सल्ला असा की नीतीचे तास शक्यतो प्रत्यक्ष वर्गात बसून घ्यावेत, ध्वनिमुद्रित व्याख्यान घेण्याआधी ते कोणत्या वर्षी मुद्रित झाले हे संस्थेला विचारावे, आणि प्रमाणपत्रे चार वर्षे जपून ठेवावीत. नियमानेच ती ठेवावी लागतात.