सोळाशे रुपये किलोचा पंगस

माझ्या दुकानाच्या काचेवर मी स्वतः टाईप करून लावलेला एक कागद आहे. 'ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.' झेरॉक्स, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, दाखले अशी कामं करतो मी. साकोलीपासून थोडं आत आमचं गाव. दिवसातून एखाद्या तरी म्हाताऱ्या माणसाला तो कागद वाचून दाखवतो. त्यामुळे मीच फसलो हे सांगायची लाज वाटते. तरी सांगतो, कारण ज्यानं फसवलं त्यानं मला ना ओटीपी विचारला ना पिन. दरवेळी पैसे मीच, माझ्या हातानं, आकडा दोनदा तपासून टाकले. एकूण २९,७२० रुपये. डिझेल वेगळं.

सुरुवात पोराच्या मोबाईलपासून झाली. त्याला हिमाचल-काश्मीरचे व्हिडिओ पाहायचा नाद. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक छडीनं ट्राउट पकडतात, आईबाप-पोरं सगळे हसतात, मागे बर्फाचा डोंगर. 'बाबा, आपण कधी?' हिमाचलला पाच जणांचं जाणं-येणं आपल्या खिशात बसत नाही, हे मी त्याला सांगितलंही होतं. आठ दिवसांनी माझ्याच फोनवर जाहिरात आली: सातपुड्यातलं एकमेव ट्राउट लेक, चिखलदरा, फॅमिली फिशिंग कॅम्प, दोन रात्री तीन दिवस.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमचा भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, आणि आमचं घर ढिवराचं. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं मच्छीमार सोसायटीच्या तलावात डोंगा घालून जाळं टाकलं. रोहू, कटला, मरळ यांच्या वासातच आम्ही भावंडं मोठी झालो. मासा म्हणजे आमच्यासाठी पहाटे चारचं थंड पाणी आणि फाटलेलं जाळं. छडी घेऊन, टोपी घालून, पोराबाळांसोबत मजेसाठी मासे पकडायचे, हे गाडीवाल्या लोकांचं काम. आणि मागच्या वर्षी मी जुनी का होईना, गाडी घेतली होती. ट्राउटपेक्षा मला त्या छडीचाच मोह जास्त पडला असावा.

पहिला फोन पंधरा मिनिटं चालला. माणूस गोड बोलणारा, जराही घाई न करणारा. मी विचारलं, ट्राउट तर बर्फाकडचा मासा ना? तो म्हणाला, 'सर, विदर्भात कॉफी होते असं कोणी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं का? चिखलदऱ्यात होते ना? अकराशे मीटर उंची आहे, सर.' दोन्ही गोष्टी खऱ्या. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे आणि तिथे कॉफी होते, हे शाळेच्या पुस्तकातलं. त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्यानं ट्राउट बसवला आणि मी गप्प झालो. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलंच नव्हतं, हे आता कळतं.

मग व्हिडिओ आला. निळं पाणी, काठावर लाकडी घरं, छडीला तडफडणारा ठिपक्यांचा मासा. बायकोनं एकदाच पाहिला आणि म्हणाली, 'ही झाडं आपल्याकडची नाही वाटत.' मी म्हटलं, वर डोंगरात अशीच असतात. देवदार होते ते. मेळघाट म्हणजे साग, आणि उन्हाळ्यात तो सागही पानं टाकून नुसता खराटा उभा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला तो माशासाठी. झाडांकडे पाहिलंच नाही.

टोकन दोन हजार. यूपीआयवर नाव दिसलं एका बाईचं; 'मॅडम अकाउंट्स पाहतात.' चार दिवसांनी मत्स्य परवाना, माणशी तीनशे, पाच जणांचे पंधराशे. हे पैसे तिसऱ्याच नावावर गेले. त्या बदल्यात सिंहाची राजमुद्रा असलेली पीडीएफ आली आणि त्यात बाबांच्या नावात काना राहिला होता तो मी फोन करून सुधारून घेतला. बनावट परवान्यातलं शुद्धलेखन तपासणारा माणूस बहुधा मीच पहिला. परवान्याखाली लिहिलं होतं, 'वन विभागाच्या हद्दीसह वैध.' राखीव जंगलात मासे धरायची परवानगी कोणी हॉटेलवाला तीनशे रुपयांत विकू शकत नाही, एवढं तरी जंगलाशेजारी वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

नंतर उरलेले साडेचौदा हजार. 'सुट्ट्या आहेत सर, कॉटेज ब्लॉक केलं नाही तर आधीचं सगळं लॅप्स होईल.' साडेतीन हजार बुडू नयेत म्हणून मी साडेचौदा हजार टाकले. गणित असं कागदावर लिहिलं की मूर्खपणा लगेच दिसतो, फोनवर दिसत नाही. या पैशांची मात्र छान पावती आली, जीएसटी नंबरासकट. जीएसटी नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. पावतीवरचा २७ नंच सुरू होत होता, पण मोजला तर तेराच भरले. मोजला कधी, तर परत आल्यावर. गिऱ्हाइकाच्या कागदावर असता तर तिथल्या तिथे पकडला असता.

मे महिन्यात पहाटे निघालो. डब्यात पुऱ्या, आलूची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. ऊन तापायच्या आत नागपूर मागे टाकलं. अमरावतीच्या अलीकडे पंपावर उभे असताना त्याचा फोन. 'सर, छड्यांचं डिपॉझिट राहिलं. पाच हजार, पूर्ण रिफंडेबल. दुसरी पार्टी किट मागून राहिली, लवकर सांगा.' बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या सीटवर पोरगा टोपी घालूनच बसला होता, पोरगी गाणी लावत होती, बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. तिथून परत फिरायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. टाकले पाच हजार. ही वेळ त्यानं अंदाजानं निवडली नव्हती. सकाळी 'निघालात का सर' असं प्रेमानं विचारून घेतलं होतं.

परतवाड्यानंतर लोकेशन घाटाकडे गेलंच नाही. घाट चढायच्या आधीच गाडी कच्च्या रस्त्याला वळली. 'बाबा, आपण वर कधी जाऊन राहिलो?' पोरीनं विचारलं. वर गेलोच नाही. शेताच्या मधोमध एक शेततळं होतं, तीस बाय तीसचं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, भोवती तारेचं कुंपण, फाटकावर फ्लेक्स: ट्राउट लेक. आमच्या इकडे योजनेतून खोदलेली अशी शेततळी प्रत्येक गावात आहेत. पाणी हिरवं. लाकडी घराच्या जागी टिनाच्या दोन खोल्या, कुलर होता पण त्यात पाणी नव्हतं. फोनवरचा माणूस 'मीटिंगसाठी पुण्याला' गेला होता. तिथे होते दोन पोट्टे, त्यांना काही विचारलं की ते एकमेकांकडे पाहायचे.

मी भांडायला हवं होतं. पण पोरानं छडी हातात घेतली, पोट्ट्यांनी गळाला कणकेचा गोळा लावून दिला आणि चौथ्या मिनिटाला मासा लागला. पोरगा असा ओरडला की मीही टाळ्या वाजवल्या. एवढ्या लवकर मासा लागतो तेव्हा तळ्यात पाण्यापेक्षा मासे जास्त असतात, हे माझ्या घरात कोणालाही कळावं. अर्ध्या तासात चार मासे. मग वजनकाटा आला. पकडलेला मासा विकतच घ्यावा लागतो, परत सोडता येत नाही, दर सोळाशे रुपये किलो. फाटकावरच्या फ्लेक्सवर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलंही होतं. चार किलो दोनशे ग्रॅम, ६,७२० रुपये. रात्री त्यांनीच रस्सा करून दिला. लाल तर्रीत सगळे मासे सारखेच लागतात.

रात्रभर उकाडा आणि डास. सकाळी एक रात्र सोडून देऊन निघालो. डिपॉझिट मागितलं तर एका छडीचं टोक वाकलेलं निघालं आणि एका छडीची 'रीळ भिजली' होती. मासे पकडायच्या छडीची रीळ पाण्यानं भिजली म्हणून माझे पाच हजार अडले, हे मी आजही कोणाला सांगितलं तर आधी ते हसतात आणि मग मी.

तळेगावला चहाला थांबलो तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. 'पंगस बरा होता. पण सोळाशे रुपये किलो काहून गा?'

'बाबा, तो पंगस होता?'

'मंग का होता? अंगाले खवले नाही, तोंडाले मिशा, घडीघडी वर येऊन हवा खाते. आपल्या सोसायटीनं टाकला होता ना दोन साल.'

'तर तिथंच काहून नाही सांगितलं?'

'मले वाटलं तुले माहीत असंन. इंग्रजीत त्याले ट्राउट म्हणत असतीन.'

बायको चहाचा कप घेऊन गाडीच्या पलीकडे गेली. हसायला की रडायला ते विचारलं नाही. मला राग आला तो स्वतःचाच. बुकिंगच्या आधी तीन आठवडे मी बँकेतल्या मित्राला विचारलं, दुकानात येणाऱ्या मास्तरांना विचारलं, गूगलवर रेटिंग पाहिलं. ज्या माणसाची उभी हयात माशात गेली तो शेजारच्या खोलीत झोपत होता, त्याला तो व्हिडिओ एकदाही दाखवला नाही. बाबांना काय कळणार ट्राउट, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. आमच्या बाजारात पंगस दीडशे-एकशे साठला मिळतो.

माझा साळा फौजेत आहे, काही वर्षं काश्मीरला होता. त्याला फोन केला तर आधी पाच मिनिटं हसला. 'भाऊजी, ज्या पाण्यात ट्राउट राहते त्यात मिनिटभर पाय ठेवून दाखवा.' मग मी नीट वाचलं. ट्राउट आपल्या देशाचा नाहीच. इंग्रजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला, नंतर कुल्लूकडे, दक्षिणेत निलगिरीत आणि मुन्नारकडे. त्याला वाहतं, थंड, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. दहा ते अठरा अंश त्याला मानवतात, विशीच्या वर तो तगमगायला लागतो. आपल्या शेततळ्याचं मेमधलं पाणी हाताला कोमट लागतं. पंगस नेमका उलटा, प्राणवायू कमी असलेल्या कोंडलेल्या पाण्यातही वर येऊन हवा घेऊन जगतो, म्हणून तर शेततळ्यात टाकतात. ट्राउटच्या अंगावर बारीक खवले आणि काळे ठिपके असतात, रेनबो ट्राउटच्या कुशीवर गुलाबी पट्टा. हिमाचलात तो पकडायचा परवाना सरकारचा मत्स्य विभाग देतो, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडणं बंद असतं. हे सगळं वाचायला मला वीस मिनिटं लागली.

चिखलदऱ्याचा यात काही दोष नाही. गाविलगड, भीमकुंड, देवी पॉइंट, शक्कर तलाव सगळं वर जागच्या जागी आहे, आम्हीच घाट चढलो नाही. वर एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. तिथे एक फोन करून 'तुमच्याकडे ट्राउट लेक कुठे आहे हो' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

आठ दिवसांनी डिपॉझिट परत करतो म्हणून त्याचा फोन आला. क्यूआर पाठवला: 'स्कॅन करा, पाच हजार टाका, पिन टाका, दहा हजार जमा होतील, सिस्टीम तशीच आहे.' इथे मात्र काचेवरचा कागद कामी आला. फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला लावला. तिकडून व्यवहारांचे नंबर विचारले, तारखा विचारल्या. हा फोन पैसे गेल्याबरोबर केला तर उपयोग जास्त. तोवर पैसे पुढच्या खात्यात सरकलेले नसतात. माझे केव्हाच सरकले होते. तक्रार नोंदली गेली. पुरावे मागितले तेव्हा कळलं की व्हॉट्सॲपवर त्यानं पहिल्याच दिवशी मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सोय लावून ठेवली होती. वरती तशी ओळ आली होती, मी वाचली आणि विसरलो. परवाना, व्हिडिओ, 'पूर्ण रिफंडेबल', सगळं साफ. वाचलं ते एवढंच, जे बायकोनं तिच्या बहिणीला मिरवायला फॉरवर्ड केलं होतं. देवदाराचा व्हिडिओही त्यातच सापडला.

राहिलात, जेवलात, मासेही पकडले, मग फसवणूक कसली, असं बरेच जण म्हणतात. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, अमरावतीला चकरा माराव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकीलही लावला नाही, अर्ज मीच टाईप केला. 'माशाची ओळख' या मुद्द्यावर बाबांचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. त्यांनी अंगठा न लावता सही केली, वेळ लागला पण केली.

गेल्या आठवड्यात जाहिरात परत दिसली. नंबर नवा, नाव नवं, 'मान्सून ट्राउट स्पेशल', पाच जणांचे एकोणीस हजार. देवदार तेच.