पेंढा भरायचा की हाडं जोडायची?

टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेले प्राणी टिकवून उभे करण्याच्या धंद्यात यायचंय, असं म्हणणाऱ्याला मी एकच उलटा प्रश्न विचारतो: कातडीवर की हाडांवर? समोरचा बहुधा गोंधळतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर काचेच्या पेटीतला वाघ असतो, आणि वाघ म्हटलं की कातडी आलीच. पण टेबलावर एक मेलेला प्राणी आला की तिथून दोन रस्ते फुटतात. एका रस्त्यावर कातडी काढून ती फोमच्या साच्यावर चढवायची. दुसऱ्यावर कातडी-मांस सगळं घालवून सांगाडा उभा करायचा. दोन्ही रस्ते म्युझियमकडे जातात, दोन्हींना जवळपास सारखीच हत्यारं लागतात, आणि नातेवाइकांना दोन्ही धंदे सारखेच विचित्र वाटतात. मी आधी सात वर्षं कातडी केली. आता मुख्यतः हाडं करतो. तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण जमेल तितकं सरळ सांगतो.

कातडीच्या कामाला लोक अजूनही ‘पेंढा भरणं’ म्हणतात. आता पेंढा कुणी भरत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण त्या शब्दामुळे एक गैरसमज टिकून राहतो, की हे शिंप्याचं किंवा गादीवाल्याचं काम आहे. ते मूर्तिकाराचं काम आहे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये ज्याच्या नावाचं आफ्रिकी प्राण्यांचं दालन आहे, तो कार्ल एकली आधी प्राण्याचा देह मातीत घडवायचा, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, त्या साच्यातून हलकं पोकळ धड तयार करायचा आणि मग त्यावर कातडी चढवायचा. खांद्याचा स्नायू पाऊल उचलताना कसा फुगतो हे त्याला मातीत दाखवता यायचं, म्हणून त्याचे हत्ती आजही चालताना थांबल्यासारखे दिसतात. ते दालन उघडलं १९३६ साली. एकली त्याच्या दहा वर्षं आधीच गेला होता. आज फोमचे साचे तयार मिळतात, पण तयार साचा तुमच्या प्राण्याला कधीच जसाच्या तसा बसत नाही. कानशी घेऊन कुठे घालवायचं आणि माती घेऊन कुठे भरायचं, हे कळायला नजर लागते. तुमच्या बोटांना माती आवडत असेल, चेहरे काढता येत असतील, तर कातडीचा रस्ता तुमचा आहे. पुढचं रडगाणं वाचून बिचकू नका.

मला चित्रकला बरी येते. साचा घासायला कंटाळा नव्हता. मांस खरवडणं, मीठ लावणं, आम्लाच्या पाण्यात भिजवणं, कमावणं, हे सगळं हाताला बसलं होतं. वास तर आठवडाभरात जाणवेनासा होतो. मला कंटाळा आणला तो वाळण्याने.

कातडी चढवून, टाके घालून, डोळे बसवून तुम्ही हात धुता तेव्हा काम संपलेलं नसतं. ओली कातडी पुढचे दोन-तीन आठवडे वाळत राहते, आणि वाळताना आक्रसते. कान मुडपू नयेत म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावायचा, ओठांच्या कडेने टाचण्या, पक्षी असेल तर पिसांवरून दोऱ्याचे वेढे. आणि रोज सकाळी ओला ब्रश आणि सुई घेऊन फेरी मारायची, रात्रीत कुठे काय सरकलं ते बघायला. सगळ्यात बेइमान जागा म्हणजे पापणी. काचेचा डोळा मातीत बसवून त्यावर पापणीची कड ओढून आणलेली असते. ती कड केसभर मागे सरली तरी चेहऱ्याचा भाव बदलतो. केसभर म्हणजे खरोखर केसभर.

एक बोका माझ्याकडे आला होता. पिवळा, चौदा वर्षांचा, एक कान फाटका. मालकीणबाईंनी त्याचे फोटो आणले होते, सगळ्यांत तो अर्धे डोळे मिटून बसलेला. मी तसाच केला. रात्री दिवा बंद करताना तो अगदी त्या फोटोतला वाटत होता, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं हेही कबूल करतो. आठव्या-नवव्या दिवशी डाव्या डोळ्याची वरची पापणी सुटली. काच आणि कड यांच्यात काळी रेघ दिसायला लागली. ओल देऊन ती परत ओढली, टाचण्या लावल्या, दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी इपॉक्सीने फट भरली, रंग लावला, कुणाला दिसलं नसतं. पण डोळा आता थोडा जास्त उघडा होता. बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “दादा, हा घाबरलाय का हो?”

त्यांनी बोका नेला, तक्रारही केली नाही. पण ते वाक्य माझ्या टेबलावरून हललं नाही. पाळीव प्राण्याचा चेहरा त्याच्या माणसाला जितका पाठ असतो तितका तुम्हाला कधीच होणार नाही. आणि ज्या चुकीसाठी तुमची परीक्षा होते, ती तुम्ही झोपलेले असताना घडते. कातडी आणखी पातळ तासून बघितली, दुसरा गोंद वापरला, तोंडावर प्लॅस्टिक टाकून वाळणं मंदावलं. फरक पडला, नाही असं नाही. माझ्यापेक्षा पक्क्या हाताच्या लोकांना हा त्रास फारसा होत नाही, त्यामुळे दोष माझ्या हाताचाही असेल. पण दर वेळी तीन आठवडे पापणीवर पहारा करत बसायचं, हे मला आयुष्यभर करायचं नव्हतं.

हाडं आपल्या जागेवरून हलत नाहीत. एकदा साफ झाली, जोडली, की सकाळी तशीच असतात. याचं सुख ज्याने पापण्या राखल्या आहेत त्यालाच कळेल.

अर्थात हाडांचा रस्ता सुवासिक नाही. मांस घालवायचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे कोमट पाण्यात ठेवून कुजू देणं. ती बादली उघडताना जो वास येतो त्यापुढे कातडीचं काम म्हणजे अत्तराचं दुकान. दुसरा मार्ग डर्मेस्टिड भुंगे. त्यांच्या अळ्या सुकलेलं मांस इतक्या नाजूकपणे खातात की उंदराच्या बरगड्याही जागच्या जागी राहतात. पण याच भुंग्यांना तयार केलेली कातडी, केस, पिसं सगळं चालतं, आणि उबेत मोठे भुंगे उडतातही. म्हणून भुंग्यांची पेटी आणि कातडीचं काम एका छताखाली नांदत नाही. दोन्ही थोडं थोडं करू, असं मनात असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या. मी हा धडा एका घुबडाची पिसं गमावून शिकलो.

नवशिके घाई करतात ती दोन ठिकाणी. हाडं उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात आत शिरते आणि हाड पुढे पिवळं पडून तुपकट होतं. आणि कपड्यांचं ब्लीच लावू नका, ते हाड ठिसूळ करत राहतं. पांढरेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने आणायचा. त्याआधी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढायची. हे आठवड्यांचं, कधी महिन्यांचं काम आहे. म्हणजे वाट बघणं इथेही सुटत नाही, फक्त बादलीकडे रोज बघावं लागत नाही. चरबी किती चिवट असते ते बघायचं असेल तर अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये टांगलेला निळा देवमासा बघावा. तो १९९८ साली जहाजाच्या धडकेने मेला, आणि सांगाडा टांगून कितीतरी वर्षं उलटली तरी त्यातून तेल ठिबकत राहिलं. म्युझियमने खाली चक्क भांडं लावून ते गोळा केलं.

आता पोटापाण्याचं. पगारी जागा दोन्हीकडे मोजक्याच असतात. म्युझियममध्ये एखादा माणूस चिकटला की निवृत्त होईपर्यंत हलत नाही. बाहेरच्या कामात कातडीचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. शिकारीला परवानगी असलेल्या देशांत त्या कामावर मोठमोठी वर्कशॉप चालतात. माशांचं वेगळं: मेल्यावर त्यांचा रंग उडतोच, सगळा पुन्हा रंगवावा लागतो, म्हणून आता बरेचसे मासे सरळ फायबरग्लासच्या प्रतिकृती असतात. हाडांना गिऱ्हाईक म्हणजे महाविद्यालयं, पशुवैद्यकाचं शिक्षण देणारे, म्युझियम. तिथेही प्लॅस्टिकचे सांगाडे आणि थ्री-डी प्रिंट घुसलेत, आणि आपल्या लाडक्या मांजराचा सांगाडा दिवाणखान्यात ठेवणारे लोक कमीच. पण जे येतात ते “हा आमचा वाटत नाही” असं म्हणत नाहीत. स्वतःच्या मांजराची कवटी कुणाला पाठ असते?

कायद्यातून मात्र कुठलाच रस्ता सुटत नाही. संरक्षित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे, आणि तो कातडीला लागतो तसाच हाडालाही. अनेक देशांत रस्त्यावर मेलेला पक्षी उचलून घरी नेणंसुद्धा गुन्हा ठरतो. परवान्याची चौकशी पहिल्या सुरीच्या आधी करा.

टिकण्याच्या बाबतीत मी जम्बोची गोष्ट सांगतो. सर्कशीतला हा प्रचंड हत्ती १८८५ साली कॅनडात रेल्वेच्या धडकेने मेला. त्याची कातडी वेगळी उभी केली गेली आणि सांगाडा वेगळा. त्या कामात तरुण एकलीही होता. कातडीचा जम्बो टफ्ट्स विद्यापीठात उभा होता, तो १९७५ च्या आगीत जळाला आणि त्याची राख शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरणीत भरून ठेवली गेली. सांगाडा न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये शाबूत आहे, आणि त्याच्या सांध्यांची झीज बघून तो कसा जगला याचा अंदाज संशोधक अजून बांधतात. आगीचं निमित्त सांगून कातडीला नावं ठेवणं थोडं लबाडीचं आहे, हे मलाही कळतं. आग हाडांच्या दालनालाही लागू शकली असती. पण चांगल्या हवेत, चांगल्या पेटीतसुद्धा कातडीला ऊन, दमटपणा आणि कसर यांची भीती कायम असते.

तरीही वर्षातून एखादा पक्षी मी कातडीत करतो. पक्ष्याची कवटी आणि पायांची हाडं कातडीतच राहतात, त्यामुळे तिथे दोन्ही रस्ते थोडे जवळ येतात, आणि धुतलेली पिसं वाऱ्याने सुकताना एकेक करून फुलतात, ते बघायला अजून आवडतं. चेहऱ्यात जीव आणायची तुम्हाला खरी ओढ असेल तर कातडीच शिका, आणि जवळ बसवून शिकवणारा माणूस शोधा. डार्विनसुद्धा एडिनबरोत जॉन एडमनस्टन नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाकडे बसून पक्षी भरायला शिकला होता.

आणि हाडांकडे यायचं ठरलंच, तर सुरुवात मांजराएवढ्या प्राण्यापासून करा. चारही पंजे जुन्या नायलॉनच्या मोज्यांत वेगवेगळे बांधा आणि प्रत्येकाला खुणेची चिठ्ठी लावा, नाहीतर डाव्या-उजव्या बोटांची हाडं निवडण्यात आठवडा जाईल. बादलीतलं पाणी ओतताना खाली बारीक चाळणी धरा. मांजराच्या गळ्याजवळची दोन हाडं कुठल्याच हाडाला जोडलेली नसतात, नुसती मांसात तरंगतात, सुकलेल्या काडीएवढी. माझ्या पहिल्या मांजराची त्या पाण्याबरोबर मोरीत गेली.