झीरो डेप की इंजिन संरक्षण?
गाडीचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) कायद्याने सक्तीचा असला, तरी सर्वसमावेशक पॉलिसीवर जोडली जाणारी ही दोन्ही संरक्षणे ऐच्छिक आहेत आणि त्यांचा उपयोग अगदी वेगवेगळा आहे.

झीरो डेप म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलची कपात, म्हणजेच घसारा, न करता मिळणारी भरपाई; तिचा हिशेब गॅरेजच्या बिलावर कळतो. साडेतीन वर्षांच्या गाडीचा बंपर 12,000 रुपयांना आणि बॉनेट 10,000 रुपयांना बदलले, असे समजा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांवर 50 टक्के आणि या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के घसारा कापला जात असल्याने 8,500 रुपये मालकाच्या खिशातून जातात; झीरो डेप असल्यास ते वाचतात. मात्र सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः भरायची ठरावीक रक्कम (1,500 सीसीपर्यंत 1,000 रुपये), दोन्हीकडे भरावीच लागते. शहरातल्या गर्दीत ज्यांच्या गाडीला सतत घासाघीस होते, त्यांना हे संरक्षण परवडते.

इंजिन संरक्षण क्वचितच लागते, पण लागते तेव्हा मोठ्या रकमेसाठी. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे परिणामजन्य नुकसान (थेट अपघाताने नव्हे, तर त्यानंतरच्या कृतीने झालेले) म्हणून साधी पॉलिसी सहसा नाकारते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तळघरात गाडी लावणाऱ्या मुंबईकराने किंवा पंचगंगेकाठच्या कोल्हापूरकराने, एकच निवडायचे असल्यास, माझ्या मते हेच घ्यावे. उंचावरच्या गावात राहणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.