पाचही प्रोब एकच आकडा दाखवत होते आणि पाचही खोटे निघाले

मेलबर्नला आमच्या गॅरेजमध्ये मी घरची बिअर करतो. 30 लिटरची स्टीलची टाकी जुन्या फ्रिजात असते. टाकीत तापमानाचा प्रोब सोडलेला असतो आणि त्याच्या आकड्यावर कंट्रोलर फ्रिज चालू-बंद करतो. सगळी भिस्त त्या प्रोबवर.

गेल्या वर्षी ऑनलाइन ‘ओरिजिनल डीएस18बी20, वॉटरप्रूफ’ असं लिहिलेलं पाच प्रोबचं पाकीट घेतलं. डीएस18बी20 म्हणजे प्रोबच्या आतली तापमान मोजणारी चिप. चांगल्या दुकानात एका प्रोबला पडतात तेवढ्या पैशांत पाच. घरी आल्यावर पाचही एकाच भांड्यात बुडवून पाहिले, तर पाव अंशाचाही फरक नाही. मी निर्धास्त झालो. सगळे एकाच घाण्यातले, म्हणून सारखेच चुकत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

एल नावाच्या बिअरचं यीस्ट टाकून कंट्रोलरवर 20 अंश लावले. बिअर तयार झाली तेव्हा तिला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास होता, घोट घशात जळत होता. 23 लिटर मोरीत ओतली. यीस्ट जुनं असेल म्हणून नवं आणलं, पुढची बॅचही तशीच. शेवटी बायकोनेच विचारलं, “पण तो आकडा खरा आहे कशावरून?”

त्या रात्री थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरला, फटी बुजतील इतकंच पाणी घातलं आणि प्रोब मधोमध धरून ढवळत राहिलो. आकडा उतरत शून्यावर आला, शून्य ओलांडून उणे 4.3 वर स्थिरावला. पाण्यात बर्फ तरंगतोय आणि हा उणे चार सांगतोय! या चिपच्या माहितीपत्रकात उणे 10 ते 85 अंशांच्या टप्प्यात फार तर अर्ध्या अंशाची चूक लिहिली आहे. मग कोमट पाण्यात ताप मोजायचा थर्मामीटर सोबत धरला: त्यावर 38, प्रोबवर 34 च्याही खाली. म्हणजे माझं यीस्ट 24 अंशांच्या वर उकडत होतं. एवढ्या उष्णतेत ते जड अल्कोहोल सोडतं, तोच तो जळजळीत वास.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुमची वायरिंग चुकली. वायरिंगचा व्हिडिओ पाठवला, तर परतीचे 30 दिवस उलटून गेलेत म्हणाला.

नंतर कळलं ते असं, की प्रत्येक चिपमध्ये 64 बिटचा क्रमांक असतो आणि कंट्रोलरवरून तो वाचता येतो. तो दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांत दिसतो. अस्सल चिपचा क्रमांक 28 ने सुरू होतो आणि शेवटच्या जोडीच्या आधी 00-00 असतं. माझ्या पाचांपैकी एकातही ती शून्यं नव्हती. शून्यं दिसली तरी बर्फात बुडवून बघाच, कारण क्रमांकाचीही नक्कल होऊ शकते. आणि हे सगळं पाकीट आलं त्याच दिवशी करा, परतीची मुदत हातात असताना.

त्या दुकानाचं नाव आता बदललंय. फोटो मात्र तोच आहे: निळ्या कापडावर पाच काळ्या वायरी, आणि खाली ‘ओरिजिनल’.