फिरती गाडी, पक्का दवाखाना की खांद्यावरची पिशवी?

दातांचे उपचार ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत त्यांच्यासाठी काही करायचं ठरलं, की संस्थेच्या बैठकीत पहिली सुचते ती गाडी. आत खुर्ची, एक्स-रे, दाराशी रांग. फोटोही झकास येतो. एक दिवसाची मजुरी बुडवणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत ती जाते हे खरंच. पण वर्षातून एकदा येणारी गाडी बहुतेक वेळा दाढ उपटून निघून जाते. रूट कॅनलला अनेकदा दोन-तीन खेपा लागतात, कवळीला त्याहून जास्त, आणि गाडी तोवर भलतीकडेच असते. व्हीलचेअर आत जाते का, हेही गाडी घेण्याआधी पाहिलेलं बरं.

पक्का दवाखाना इथे उजवा. नोंदी राहतात, अर्धवट उपचार पुरे होतात. मात्र तो कामाच्याच वेळेत उघडा असेल तर मजुराला त्याचा उपयोग नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तर कधीच नाही.

उरली पिशवी, म्हणजे हाताची अवजारं आणि औषधं खांद्यावर घेऊन रुग्णापर्यंत जाणं. तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही, माझा कौल मात्र तिलाच. १९८०च्या दशकात टांझानियात एक पद्धत आकाराला आली: हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडायची आणि खड्ड्यात ग्लास आयोनोमर, म्हणजे दाताला चिकटणारं सिमेंट, भरायचं. वीज नको, ड्रिल नको, भुलीचं इंजेक्शनही बहुधा नको. ज्या दातात खरवडणंही शक्य नाही, तिथे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या चांदी आणि फ्लोराइड असलेल्या द्रव औषधाचा थेंब लावला तरी कीड बऱ्याचदा थांबते. घाबरणारं मूल, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, खुर्चीत स्थिर बसू न शकणारी व्यक्ती यांच्यासाठी हे वरदान आहे. हे सिमेंट आणि हा थेंब, दोन्ही २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

थेंबाची खोट आहे ती रंगात. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आधी फोटो दाखवून होकार घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला आईच मुलाला लपवेल. शिवाय थेंब सहा महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो, आणि पू झालेल्या, ठणकणाऱ्या दाढेवर तो चालत नाही. ती दाढ दवाखान्यातच न्यावी लागते.

पिशवी धरणारे हात दंतवैद्याचेच हवेत असं नाही. न्यूझीलंडमध्ये शाळांसाठी दंतपरिचारिका तयार करायला १९२१मध्येच सुरुवात झाली होती. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, ते आधी तपासा.

पैसा थोडा असेल तर पिशवी घ्या आणि जवळच्या एका दवाखान्याशी ठणकणाऱ्या दाढांचा करार करा. रुग्णाला तिथवर नेण्याचा खर्चही त्यातच धरा. गाडी घ्यायचीच असेल, तर ती दर तीन महिन्यांनी त्याच जागी उभी राहील इतक्या डिझेलची आणि पगारांची सोय पाच वर्षांसाठी आहे का, हे खजिनदाराला विचारा.