ऑनलाइन घेतलेली वाकिझाशी, नऊ महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरात एका लिलावाच्या साइटवरून मी जपानी तलवार घेतली. पातं दोन शाकू, म्हणजे ६०.६ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असेल तर काताना. एक ते दोन शाकूंच्या मधलं असेल तर वाकिझाशी. माझं पातं ४९.४ सेंटिमीटरचं, म्हणजे वाकिझाशी. किंमत २,२०,००० येन. आधीच सांगून टाकते: पातं अस्सल आहे, त्यावरची सही नकली आहे.

मी तोक्योत निशी-कासाईला राहते आणि चार वर्षं इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसून वार करण्याची कला, शिकते. सरावाची माझी तलवार इआइतो आहे, जस्त आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तिला चुंबक चिकटत नाही, धारही नसते. सरावाला ती उत्तम, पण परदेशी ग्राहकांना हीच वस्तू 'खरी काताना' म्हणून विकलेली मी पाहिली आहे. त्यामुळे विकत घेण्याआधी सहा महिने मी फक्त फोटो बघत होते आणि सुट्टीच्या दिवशी र्‍योगोकूच्या तलवार संग्रहालयात जाऊन खरी पाती बघत होते. या सहा महिन्यांचा उपयोग झाला. स्वस्तातल्या बनावट तलवारी मला लगेच ओळखू येऊ लागल्या.

त्या ओळखणं तसं सोपं आहे. मुठीखाली रे माशाच्या खरखरीत कातड्याऐवजी प्लॅस्टिकची पट्टी असते, गुंडाळलेली दोरी बोटाने सरकते, मूठ बांबूच्या खुंटीऐवजी स्क्रूने बसवलेली असते. पात्यावर भडक लाटालाटांची नक्षी असते आणि जाहिरातीत 'हजार घड्यांचं पोलाद' लिहिलेलं असतं. लोहार पोलादाला साधारण दहा-पंधरा घड्या घालतात. दहा घड्यांतच १,०२४ थर होतात, हजार घड्या घालायची गरज कुणालाच पडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तलवारींच्या नकलाही भरपूर आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

खरी गोम हामोनमध्ये आहे. आपल्याकडे तलवारीला पाणी देणं म्हणतात, तेच हे काम. पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग तापवून पाण्यात बुडवलं की धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर जी धुकट रेषा उमटते ती हामोन. नकली तलवारीवर ही रेषा आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. दिव्याखाली पातं हळूहळू तिरकं करत नेलं की खऱ्या हामोनमध्ये निओईचं धुकं आणि निएचे बारीक चमकते कण एका ठरावीक कोनातच दिसतात, एरवी लपतात. नकली रेषा सगळ्या कोनांतून सारखीच पांढरी दिसते. पण फोटोत हा फरक कळतोच असं नाही, कारण आजकालच्या पॉलिशमध्ये खऱ्या पात्याचीही धारेकडची बाजू पांढरी उठवतात. म्हणून विक्रेत्याकडून दिव्याखाली फिरवलेल्या पात्याचा व्हिडिओ मागावा. मी मागितला होता, त्याने पाठवला, आणि पात्याबद्दल माझा अंदाज बरोबर ठरला.

चुकले ते नाकागोपाशी. नाकागो म्हणजे पात्याचा मुठीच्या आत जाणारा भाग. तो कधी घासत नाहीत. शतकानुशतकांचा गडद तपकिरी, काळपट गंज त्यावर बसू देतात, कारण वय त्यावरूनच कळतं. लोहार सही करतो तीही तिथेच. बनावट तलवारीचा गंज नारिंगी, भुसभुशीत आणि कृत्रिम असतो, कानशीच्या खुणांना काही शिस्त नसते. माझ्या वाकिझाशीचा गंज गडद, एकसारखा होता. सही होती 'हिझेन नो कुनी तादायोशी'. हिझेन म्हणजे आजच्या सागा शहराच्या बाजूचा जुना प्रांत. पहिला तादायोशी नाबेशिमा घराण्याच्या पदरी होता आणि हे नाव पुढे पिढ्यान् पिढ्या चाललं. मी अक्षरं पुस्तकातल्या अस्सल सह्यांच्या ठशांशी ताडून पाहिली, मला जुळली असं वाटलं, आणि बोली लावली.

तलवार आल्यावर ती आमच्या सेन्सेईंना, म्हणजे इआइदोच्या गुरूंना दाखवली. त्यांनी आधी पात्याला नमस्कार केला, सावकाश सगळं पाहिलं, मग खुंटी काढून नाकागो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अक्षरांच्या आत बघ." भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. बाहेर गंज काळपट आणि छिन्नीच्या खाचेत तो जरा लालसर, ताजा. खाचेच्या कडाही बोटाला टोचतील इतक्या तीक्ष्ण. म्हणजे पातं जुनं, सही कितीतरी नंतर कोरलेली. पुढे एका पॉलिश करणाऱ्या कारागिरालाही दाखवलं. त्यांचं मत तेच पडलं: पातं एदो काळातलं (सतरावं ते एकोणिसावं शतक), व्यवस्थित बनवलेलं, नाव दुसऱ्याचं.

अशा सहीला गिमेई म्हणतात आणि हा प्रकार इंटरनेटचा नाही. तलवारी नजराणा म्हणून दिल्या जात, मोठ्या नावाने नजराण्याचं वजन वाढे, म्हणून शेकडो वर्षं खोट्या सह्या कोरल्या गेल्या. कोतेत्सु या एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या लोहाराबद्दल तर जपानीत म्हणच आहे: कोतेत्सु दिसली की नकली समज.

मला सर्वांत जास्त फसवलं ते तोरोकुशोने, आणि इतरांनी इथे सावध राहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. जपानमध्ये प्रत्येक खऱ्या तलवारीची सरकारी नोंद लागते, ते हे कार्ड. त्यावर लांबी, वाक, खुंटीची भोकं आणि सही लिहिलेली असते. माझ्या कार्डावर १ शाकू ६ सुन ३ बू (म्हणजेच ४९.४ सेंटिमीटर), भोक एक, सही तादायोशी. मोजलं तर सगळं जुळलं. पण कार्डावर सही म्हणजे पात्यावर काय कोरलंय एवढीच नोंद. ती खरी की खोटी याचा निवाडा नाही. तो निवाडा निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही कलात्मक जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेली संस्था करते. खोट्या सहीच्या तलवारीला ती प्रमाणपत्र देत नाही. विक्रेत्याने कार्डाचा फोटो सगळ्यात वर ठेवला होता, आणि 'सहीची हमी नाही' हे वाक्य सगळ्यात खाली.

तलवार म्हणून मात्र तक्रार नाही. पुसताना बोट लागू देत नाही. मऊ कागदाने जुनं तेल काढते, नवं चोजी तेल अगदी पातळ लावते. लवंगेचा मंद वास खोलीत राहतो. आता पावसाळा सुरू झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी बघते, अजून ठिपका नाही. नाव बाजूला ठेवून हामोन बघायला शिकले ते याच पात्यामुळे. कारागीर म्हणाले, सही घासून काढली तर ती बिनसहीची म्हणून परीक्षेला पाठवता येईल. मी अजून ठरवलेलं नाही. खोटी असली तरी ती कोरणारा हातही कदाचित जुनाच असेल, आणि एकदा घासलं की परत येणार नाही.

कोल्हापूरला माझा भाचा मर्दानी खेळ शिकतो. मी तलवार घेतल्याचं कळल्यापासून तो मला साडेपाच-सहा हजार रुपयांच्या 'अस्सल काताना'च्या लिंक पाठवतो. त्याला समजावलं की जपानमध्ये परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात, तेव्हा या किमतीत ते शक्यच नाही. जुनी असेल तर तोरोकुशो परत करून जपानच्या सांस्कृतिक खात्याचा निर्यात दाखला काढावा लागतो, आणि भारतात आणण्याआधी शस्त्र कायद्याची व कस्टमची चौकशी करावी लागते. माझ्या नाकागोचे भिंगातून काढलेले फोटोही त्याला पाठवले. परवा त्याचा मेसेज आला: "मावशी, आज बघितली त्यात मूठ काढलेला फोटोच नाही. मागितला, तर त्यांनी मला ब्लॉक केलं."