नागपूरच्या उन्हात घरचा सर्व्हर: वर्षभर वापरल्यावर काय टिकलं, काय गेलं

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे जाता येईल. ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी, दोन नव्या डिस्क आणि फुकटातली सॉफ्टवेअर एवढ्यावर घरचा सर्व्हर, म्हणजे घरातले फोटो, कागद आणि व्हिडिओ साठवून सगळ्यांना पुरवणारा सतत चालू असलेला संगणक, मस्त चालतो. गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे 2025 मध्ये, उभा केला. उन्हाळा काढला, पावसाळा काढला, आता थंडी सरत आली. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. पण या छंदात लोक ज्या दोन गोष्टींत सगळ्यात जास्त रमतात, म्हणजे स्वस्त डील हुडकणं आणि रोज नवा ॲड-ऑन (सर्व्हरवर वर टाकायचं जास्तीचं सॉफ्टवेअर) टाकून बघणं, त्यांनी मला फार काही दिलं नाही. पैसे आणि डेटा वाचवला तो या क्षेत्रातल्या बातम्यांवर नजर ठेवण्याने.

यंत्र आहे लेनोवोचं थिंकसेंटर एम720क्यू. इंटेलचा आय5-8500टी प्रोसेसर, 6 कोर, 35 वॅटचा. 16 जीबी रॅम आणि सिस्टिमसाठी छोटी एनव्हीएमई (चिपवाली वेगवान डिस्क). नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डी) एका रिफर्बिश्ड, म्हणजे जुनी यंत्रं नीट करून विकणाऱ्या, दुकानातून पंधरा हजारांच्या आत मिळालं. दुकानदाराला कळेचना. "गेम नाही खेळत, ऑफिस नाही, मॉनिटरबी नाही पाहिजे, मंग कशाले घेता भाऊ?" घरात कोपऱ्यात ठेवायला, म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दोनशे रुपये आणखी कमी केले.

नवा, इंटेलच्या एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी का नाही घेतला, हे बरेच जण विचारतात. एन100 वाईट नाही. 6 वॅटचा आहे आणि एव्ही1 या नव्या प्रकारातले व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो, जे माझ्या आठव्या पिढीच्या इंटेलला जमत नाही. तुमच्याकडे एव्ही1 च्या फायली असतील तर तोच घ्या. माझ्याकडे नव्हत्या. आणि या लेनोवोचं झाकण मागचा एक स्क्रू काढला की सरकतं, हे नागपुरात किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच. दोन डिस्क धरून सगळा संच भिंतीतून 24 वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे महिन्याला साधारण 17 युनिट. ज्या घरात चार महिने कूलर चालतो तिथे बिलात हे दिसतही नाही.

खरे पैसे गेले डिस्कमध्ये. दोघींची किंमत मिळून यंत्रापेक्षा जास्त झाली. मी डिस्क शोधत होतो नेमक्या त्याच दिवसांत जर्मनीतून बातमी आली होती: सीगेटच्या सर्व्हरमध्ये वापरून झालेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. माल कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरून घुसलेला, आणि चिया नावाच्या डिजिटल नाण्याच्या मायनिंगमधून निघालेला असावा असा संशय. लबाडी साधी होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात; डिस्क किती तास चालली हा त्यातला आकडा पुसून शून्य केलेला. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, ती तशीच राहिली होती. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची 7.4 किंवा नंतरची आवृत्ती ती वाचून दाखवते.

ही बातमी वाचली नसती तर मी त्यात सापडलो असतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे चांगली सूट दिसली, मागवली. सीलबंद पिशवी, चकचकीत लेबल. स्मार्ट म्हणतं, चाललेले तास 0. फार्म उघडलं तर वीस हजारांच्या वर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त सलग चाललेली! परत करताना विक्रेत्याने आधी डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला, मग "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय" म्हणाला, शेवटी पैसे दिले. दुसरी डिस्क गावातूनच घेतली, थोडी महाग, पण सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख काउंटरवरच पाहता आली. डिस्क हातात आली की पहिल्या दिवशी फार्म आणि स्मार्ट दोन्ही तपासा, डेटा नंतर भरा.

डिस्क घेताना बघायची दुसरी गोष्ट म्हणजे ती एसएमआर आहे की सीएमआर. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे पुन्हा लिहिणं मंदावतं; सीएमआरमध्ये ते वेगळे असतात. 2020 मध्ये उघड झालं की डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठीच्या, साध्या रेड (Red) मालिकेत 2 ते 6 टीबीची काही मॉडेल गुपचूप एसएमआर होती, आणि अनेक डिस्क जोडून चालवायच्या RAID पद्धतीत पुनर्बांधणी करताना ती भयंकर रेंगाळायची. त्या गदारोळानंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे नाव मिळालं. आजही सेलमध्ये 'नॅस डिस्क' एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या कागदावर बघावं.

आता उन्हाळा. परदेशी परीक्षणांत हा भाग सापडत नाही, कारण त्यांची खोली 22 अंशांवर असते. नागपूरने मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेत. (मे 2024 च्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, हवामान खात्याने नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून कुठलाही एकटा सेन्सर मी वेदवाक्य मानत नाही. डिस्कचं तापमान स्मार्टमधून वाचतो, आणि डब्याला हात लावूनही बघतो.) हिवाळ्यात माझ्या डिस्क 34-35 अंशांवर असतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी खोलीच 40 च्या पुढे जाते आणि डिस्क 53 पर्यंत चढल्या. बहुतेक कंपन्यांच्या कागदावर 60-65 किंवा त्याहून थोडी वरची मर्यादा असते, म्हणजे तुटत काही नव्हतं. पण रोज दुपारी मर्यादेच्या इतक्या जवळ जायची माझी तयारी नव्हती.

दोन उपायांनी फरक पडला. डिस्कच्या ॲल्युमिनियम डब्याच्या पाठीमागे 120 मिमीचा यूएसबीवर चालणारा पंखा लावला, त्याने सहा-सात अंश उतरले. आणि जड कामं रात्रीवर ढकलली. फोटोंतले चेहरे ओळखणं, लघुचित्रं बनवणं, डिस्कची तपासणी, सगळं पहाटे. दुपारी सर्व्हर जवळजवळ झोपलेला असतो. हे केल्यावर मेअखेरीसही 46-47 च्या वर आकडा गेला नाही.

कूलरसमोर ठेवलं की झालं, असं आमच्या सोसायटीत दोघांनी सुचवलं. नको. कूलरची हवा थंड असते तशीच दमटही असते, आणि आपल्याकडची धूळ त्या दमटपणात पात्यांना चिकटून बसते. माझं यंत्र कूलरच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, जमिनीपासून फूटभर वर आहे, तरी जूनमध्ये झाकण सरकवलं तर पंख्याच्या पात्यांवर तपकिरी नमद्यासारखा थर होता. ब्रश फिरवला तरी सुटेना, कापसाच्या काडीने एकेक पातं पुसावं लागलं. तेव्हा एका स्क्रूचं मोल कळलं. कूलरच्या खोलीत असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

वीज जाण्याचं म्हणाल तर घरात इन्व्हर्टर आहे. त्याच्या मागे एक बटण असतं, त्यावर 'यूपीएस' असा पर्याय असतो. तो ठेवला की बदल इतका झटपट होतो की मिनी पीसीला पत्ताही लागत नाही. साध्या पर्यायावर मात्र वादळी पावसात तो दोनदा रीस्टार्ट झाला. राउटरला वेगळा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय. बायोसमध्ये (यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर आपोआप चालू' हे लावून ठेवा, नाहीतर तुम्ही गावाला आणि सर्व्हर बंद. यूपीएस घेणार असाल तर त्याला यूएसबीची डेटा केबल लागते का ते आधी विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ती नसते, मग बॅटरी संपत आली हे सर्व्हरला सांगणार कोण?

सिस्टिम ओपनमीडियाव्हॉल्ट 7 (साठवणीच्या सर्व्हरसाठीची), खाली डेबियन 12 हे लिनक्स, वर डॉकर, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारं. ॲड-ऑनचं म्हणाल तर पहिल्या दोन महिन्यांत हौसेने बरंच टाकलं: डाउनलोड सांभाळणारे, डॅशबोर्ड, पाककृतींची वही, साइटवरच्या बातम्या एका जागी आणणारं आरएसएस, हवामानाचे तक्ते. दिसायला झकास, उघडत कोणीच नाही. दिवाळीच्या साफसफाईत तेही काढले. राहिले ते घरच्यांना लागतात म्हणून.

फोटो सांभाळणारं इमिच सगळ्यात वर. 1 जून 2021 पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली, आणि 15 जीबी आमच्या घरी दोन लग्नांत भरतात. इमिच फोनमधले फोटो आपोआप सर्व्हरवर आणतं, चेहरे ओळखतं, नकाशावर दाखवतं. घेतलं तेव्हा 'अजून पक्कं नाही, एकमेव प्रत म्हणून भरवसा ठेवू नका' अशी पाटी वर असायची, आणि अपडेटनंतर कधीकधी मांडणी बदलायची. 1 ऑक्टोबर 2025 ला 2.0 ही स्थिर आवृत्ती आली, तेव्हापासून निवांत आहे. तक्रार एकच, आणि ती फोनची: अँड्रॉइडमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नादात ॲप मागे झोपवलं जातं. त्या ॲपपुरती ती बचत बंद करावी लागते. आईच्या फोनवर हे केल्यावर तिचे सकाळचे सुप्रभातवाले फोटोही इमानेइतबारे सर्व्हरवर येऊ लागले, तो प्रश्न वेगळा.

कागद स्कॅन करून शोधता येतील असे ठेवणारं पेपरलेस-एनजीएक्स दुसरं. मालमत्ता कराच्या पावत्या, विम्याचे कागद, सातबारा, शाळेची फी. यातलं अक्षर-वाचन टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याला मराठीचं पॅक आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा जोडून लावाव्या लागतात. छापील मराठी चांगलं वाचतं. सातबाऱ्यातल्या रकान्यांत गोंधळतं, हस्ताक्षर सोडूनच द्या. पण 'गट क्रमांक' लिहून कागद सापडतो, एवढं पुरे.

जेलीफिन व्हिडिओंसाठी. घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट मी काढणारच होतो, पण कूलरच्या पंपाची वायर वेगळी काढून तिला स्मार्ट प्लग लावला आणि पंप वीस मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा फिरवला. ताट्या ओल्या राहतात, खोली चिकचिकत नाही. घरात सर्व्हरची एवढी एकच गोष्ट सगळ्यांनी बिनशर्त मान्य केली. जाहिराती अडवणारं पाय-होल मात्र वेगळ्या लहान बोर्डावर ठेवलंय. तेच सर्व्हरवर असलं तर सर्व्हर अपडेटला गेला की घरभर इंटरनेट बंद, आणि आतून आवाज, "अहो, तुमचं ते खोकं परत बसलं वाटते!"

बाहेरून घरचे फोटो पाहायला राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. एक तर आपल्याकडे बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, उघडूनही उपयोग नाही. आणि 2022 च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कुलूपबंद करून लोकांकडे 0.03 बिटकॉइन मागितले होते, ते आठवा. टेलस्केल टाका, ते आपली यंत्रं खाजगी जाळ्यात जोडतं. पोर्ट न उघडता काम होतं, अमरावतीला भावाकडची तिसरी प्रतही रोज पहाटे त्यावरूनच जाते. घरातली दुसरी डिस्क ही पहिलीची रात्रीची नक्कल आहे, दोन्हीवर एकाच वेळी लिहिणारं RAID नाही. तसं RAID लावलं तर चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते.

तयार नॅस का नाही, याचं उत्तर वर्षभरातल्या बातम्यांनीच दिलं. एप्रिल 2025 मध्ये नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने त्या वर्षीच्या प्लस मॉडेलना स्वतःच्या किंवा प्रमाणित डिस्कच लागतील असं जाहीर केलं. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या डीएसएम 7.3 या सिस्टिमसोबत माघार घेतली. त्याच एप्रिलच्या शेवटी प्लेक्स या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आजीवन पास 119.99 वरून 249.99 डॉलरवर गेला, आणि घराबाहेरून आपलेच व्हिडिओ पाहणं फुकटात राहिलं नाही. म्हणून 2018 च्या शेवटी एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं जेलीफिन. जुने लोक तर याहून मागचं सांगतील. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये विंडोज होम सर्व्हर आणला, वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र करणारा ड्राइव्ह एक्स्टेंडर हा त्याचा जीव होता. त्यातली फायली बिघडवणारी चूक 2008 च्या पॉवर पॅक 1 ने निस्तरली, मग 2011 च्या आवृत्तीतून तो भागच काढून टाकला, आणि 2012 मध्ये गाशा गुंडाळला. ज्यांनी त्यावर ॲड-इन लिहिले होते ते बसले हात चोळत.

सध्या कोणी घेणार असेल तर रॅम आत बसवलेलं यंत्रच बघा. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी ओढल्यामुळे 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव उसळले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. बर्डीतला माझा दुकानदारही आता रिकामं यंत्र आणि रॅम वेगवेगळी विकायला लागलाय. मला 32 जीबी करायची होती. 16 मध्ये इमिच, पेपरलेस आणि बाकी सगळं मिळून 9-10 जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे तो बेत सोडला. त्या पैशांत मेच्या आधी आणखी एक 120 मिमीचा पंखा आणि अमरावतीसाठी मोठी डिस्क येईल.